मापाची वही

“दम सोड वं माय. कपडा तुले घालना शे, आरसाले नही.”

माप द्यायला उभी राहिलेली प्रत्येक मुलगी पोट आत ओढते. तुम्हीही कधी ओढलं असेल; मी तर या वयातही ओढते. अक्का कमरेभोवती टेप गुंडाळायच्या आणि तशाच थांबायच्या. मुलगी श्वास धरून छताकडे बघतेय, अक्का तिच्याकडे बघताहेत, आणि शेवटी मुलीचाच धीर सुटून ती भसकन श्वास सोडायची. मग अक्का आकडा वाचायच्या. दिवसातून दहा-पंधरा वेळा हे वाक्य मला पार्टिशनपलीकडून ऐकू यायचं. जळगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मालकानं एका गाळ्याचे दोन केले होते. मध्ये प्लायवूड, पलीकडे अक्कांचं शिलाईचं दुकान, अलीकडे माझं पार्लर.

अक्का पारोळ्याकडच्या. यजमान नरडाण्याच्या एका कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येणार. त्यामुळे सहा दिवस अक्कांच्या बोलण्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, ते सगळं माझ्या वाट्याला. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात कुणी नमस्कार केला की पुढे गेल्यावर मला हळूच म्हणायच्या, “कोन वं हाई? छत्तीसवाली का?” एखाद्या बाईला दिवस गेल्याचं तिच्या सासूच्या आधी अक्कांना कळायचं. पण त्यांच्या तोंडून चकार शब्द बाहेर पडत नसे. मी खोदून खोदून विचारलं तरी त्या दातात दोरा धरून हसायच्या. माझ्यासारख्या पार्लरवालीला हे फार जाचायचं.

त्यांची एक वही होती, लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. त्यात गिऱ्हाइकाचं नाव, मोबाईल नंबर, मापं, आणि खाली एखादी ओळ. ‘मान पुढे काढून चालते.’ ‘बाळ अंगावर पितं, गळा मोठा.’ ‘उजवा खांदा जरा उतरता, सांगू नये.’ ही वही त्या मशीनच्या खणात ठेवायच्या आणि चावी मंगळसूत्रात अडकवायच्या. एकदा मी मेहंदीच्या ऑर्डरसाठी कुणाचा तरी नंबर मागितला, तर म्हणाल्या, “डॉक्टर दुसराना कागद दावस का?” आणि नंबर दिला नाही तो नाहीच.

आता ती वही त्यांनी परक्या माणसाच्या हातात कशी दिली, हे ऐका.

गावात सौंदर्यस्पर्धा होणार होती. मंगल कार्यालयात रॅम्प, दिवे, मुकुट, सगळं. भरवणाऱ्या माणसाला सगळे ‘सर’ म्हणायचे. पांढरा शर्ट, मऊ आवाज. बारा मुलींचे ड्रेस अक्कांकडे आणि मेकअप माझ्याकडे. आम्हाला तर आभाळ ठेंगणं झालं. त्याचं पोस्टर मी माझ्या काचेच्या दारावर स्वतःच्या हातानं चिकटवलं. तो अक्कांच्या पाया पडायचा, त्यांच्या हातचा चहा प्यायचा. एके दिवशी त्यानं एक शिवलेला ड्रेस उलटा करून आतली शिलाई बघितली आणि म्हणाला, “अक्का, असं माप मुंबईतसुद्धा कुणी घेत नाही.” तीस वर्षांत अक्कांच्या कामाला कुणी आतून बघितलं नव्हतं. आम्ही बायका तर ब्लाउज हातात घेतला की आधी म्हणतो, काखेत जरा घट्टच झालंय हो. मग त्यानं सांगितलं की मुंबईहून आणखी कपडे मागवायचे आहेत, साईज हव्या आहेत, वही एक दिवस द्या. अक्कांनी चावी काढली. दुसऱ्या दिवशी वही परत आली, वर पेढ्याचा बॉक्स. आवळा देऊन कोहळा काढतात तो असा. पेढे मीही खाल्ले.

स्पर्धा झाली, मुकुट कुणाला तरी मिळाला, दिवे उतरले. महिन्याभरानं रोशनी धावत आली.

रोशनी भडगावजवळच्या एका खेड्यातली, इथे हॉस्टेलवर राहून बी.कॉम. करणारी, कपडे अक्कांकडेच शिवणारी. एकोणीस वर्षांची, आणि उंच. इतकी उंच, की गावात तिला पोरं उंटीण म्हणायची आणि आई म्हणायची, वाकून चाल गं, स्थळ कुठून आणू. ती वाकूनच चालायची. स्पर्धेत तिनं भागसुद्धा घेतला नव्हता. पण त्या दिवशी ती ताठ उभी होती.

“अक्का, सुरतहून फोन आला मला! साड्यांच्या कॅटलॉगसाठी निवडलंय. न बघता! माझी सलवार त्रेचाळीस लागते हेसुद्धा त्यांना माहीत. म्हणाले, उंची देवाची देणगी आहे. आणि उजवा खांदा थोडा उतरता आहे, पण फोटोत दिसणार नाही. अक्का, खरंच आहे का हो माझा खांदा उतरता?”

मी पार्टिशनच्या कडेला उभी होते. अक्कांच्या हातातली कात्री कापडात तशीच राहिली. त्या मुलीचा खांदा उतरता आहे हे जगात दोनच ठिकाणी होतं, अक्कांच्या डोळ्यांत आणि अक्कांच्या वहीत. तिच्या आईलाही ते ठाऊक नव्हतं.

त्या क्षणी त्यांनी सांगायला हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मी संगे येसू का?”

रोशनी हसली. “तिथे काय शिवायला येता? कंपनीची गाडी घ्यायला येणारेय.” मग ती माझ्याकडे वळली. “ताई, जाऊ ना?”

मी म्हणाले, “जा. अशी संधी पुन्हा येत नाही.” मी तिचा मेकअपही करून दिला, हौसेनं, फुकट.

ती गेल्यावर अक्कांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. पहिल्यांदाच. “मनी वहीमाईन गयी ती पोर,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, काहीतरीच तुमचं. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.

पुढचे चार महिने रोशनीचे घरी फोन येत. सगळं छान आहे, काम चांगलं आहे. मला तिनं एकदा निरोप पाठवला, मेकअपनं चेहरा सोलून निघालाय, तुमची ती क्रीम पाठवा. सोबत पत्ता होता. मी क्रीम पाठवली आणि विसरून गेले.

मग एका दुपारी आम्ही दोघी साडीच्या दुकानात गेलो होतो, अक्कांच्या भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. सेल्समननं एक खोका पुढे सरकवला आणि त्यावर रोशनी. मोरपंखी साडी, मान वर, हसू. मी ओरडलेच, अगं बाई, आपली रोशनी! अक्कांनी खोका हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. हसू त्यांना दिसलंच नसावं.

“ब्लाउज पाठीमांगून चिमटा लाईसन ओढेल शे,” त्या म्हणाल्या. “चौतीसनी पोर व्हती. हाई अठ्ठावीसबी नही. तिनं माप कोनीच लिधं नही वं.”

बस्ता तसाच टाकून त्या उठल्या. गल्लीत परत आल्या. मग माझ्याकडून पत्ता मागून घेतला आणि विचारलं, “तू येशी का संगे?”

लग्नसराई होती, माझ्या तीन नवऱ्या बुक होत्या. मी तसं सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती की तिथे काहीतरी बघावं लागेल.

अक्का सकाळच्या गाडीनं एकट्या सुरतेला गेल्या. पुढचं मला रोशनीनं सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. तिथे दारावर माणूस होता, बाहेरच्यांना आत सोडत नसे. अक्कांनी पिशवीतून टेप काढून गळ्यात घातला, ब्लाउजला चार टाचण्या टोचल्या आणि त्याच्यासमोरून आत गेल्या. गळ्यात टेप असलेल्या बाईला कुणी हटकत नाही. तिला कुणी बघतच नाही म्हणा. आत दिव्यांच्या झोतात रोशनी उभी होती, पाठीला सात-आठ चिमटे. अक्का थेट तिच्यापाशी गेल्या, कमरेला टेप गुंडाळला आणि सवयीनं म्हणाल्या, “दम सोड वं माय.”

रोशनी म्हणाली, “सोडलाय, अक्का.”

अक्कांनी टेप वाचला नाही. त्यांनी चिमटे एकेक करून काढले, खाली ठेवले, आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि तिचा हात धरून चालू लागल्या. कुणीतरी हाक मारली तेव्हा म्हणाल्या, “फिटिंग करी लयस,” आणि जिना उतरल्या.

रोशनी राहायची त्या खोलीत सहा मुली होत्या. दिवसाला एक जेवण, कारण कॅमेऱ्यात जाडी दुप्पट दिसते. आल्या दिवशी सही घेतलेला कागद, जो रोशनीला वाचू दिला नव्हता. मार्कशीट त्यांच्याकडे. काही संध्याकाळी व्यापाऱ्यांबरोबर जेवायला जायचं, हसून बसायचं, आणि जेवणावर भागत नसे. नाही म्हटलं की कपडे बदलतानाचे फोटो गावी पाठवू अशी धमकी. यापलीकडे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खोदून विचारण्याची माझी खोड तिथे मेली.

परतीच्या वाटेवर, अक्कांनी फोन केला होता म्हणून, नरडाणा स्टेशनवर त्यांचे यजमान डबा घेऊन उभे होते. गाडी मिनिटभर थांबते. त्यांनी खिडकीतून डबा दिला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. रोशनीनं भाकरी हातात घेतली आणि अक्कांना विचारलं, “किती खाऊ?”

एवढं मात्र मला अक्कांनी सांगितलं, आणि सांगताना त्या माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या.

तुम्ही म्हणाल, मग त्या ‘सर’ म्हणवणाऱ्या माणसाचं काय झालं. काही झालं नाही. आम्ही चौकीत गेलो. मी या वेळी गेले. तिथे रोशनीला विचारलं, मर्जीनं गेली होतीस ना, सही तुझीच ना. अर्ज घेतला, ठेवून दिला. मार्कशीट कॉलेजातून नवी काढली. फोटो अजून त्याच्याकडेच आहेत. परवा धुळ्यात एका भिंतीवर नव्या स्पर्धेचं पोस्टर बघितलं, तोच पांढरा शर्ट, नाव तेवढं वेगळं. मला राग यायला हवा होता. मला फक्त थकल्यासारखं झालं. तरी नखानं खरवडून ते पोस्टर जमेल तेवढं फाडलं.

अक्कांनी मात्र एक काम केलं, जे मी कधीच केलं नसतं. वही उघडून त्यांनी पहिल्या पानापासून प्रत्येक नंबरला फोन लावला. रोज दुपारी, मशीन बंद करून. “मी शिलाईवाली अक्का बोलस. मनी वही मी परकाना हातमा दिधी. तुनं नाव, तुनं माप बठ्ठं त्यानाकडे शे. चूक मनी शे. सुरतना फोन उना ते जाऊ नको.” पार्टिशनपलीकडून मी ऐकत बसायचे. काही जणी घाबरल्या, काही जणींनी शिव्या दिल्या. दोघींचे नवरे दुकानात येऊन ओरडून गेले. मी म्हटलं, अक्का, गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं होतं? त्या म्हणाल्या, “गप ऱ्हायनू म्हनीसनच गयी ना ती पोर.”

एका मुलीनं मात्र फोनवर सांगितलं की तिची बॅग भरून तयार होती. अक्कांनी फोन ठेवला आणि त्या पाणी प्यायल्या.

त्यानंतर गिऱ्हाईक ओसरत गेलं. आपल्या मापाचा बोभाटा करणारी शिंपीण कुणाला हवी? ज्या येत त्यांना अक्का सांगत, मापाचं ब्लाउज आणा, त्यावरून शिवते. लिहून घेणं त्यांनी सोडलं. टेप खुंटीवर नुसता लटकत असे. दिवाळीनंतर त्यांनी मशीन विकली आणि नरडाण्याला यजमानांकडे राहायला गेल्या. पलीकडे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

जाण्याआधी त्यांनी शेवटचं ब्लाउज शिवलं, रोशनीसाठी. समोर माप नाही, वही नाही, नुसतं आठवून. ते तिच्या जुन्या अंगाचं होतं. रोशनीनं घातलं तर आत आणखी एक रोशनी मावली असती. ती ओशाळली. अक्का म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. तू भरशी.” आणि ते माझ्या पार्लरच्या खुंटीवर अडकवून गेल्या.

रोशनी आता इथेच एका दुकानात कामाला आहे. पुन्हा वाकून चालते. महिन्या-दोन महिन्यांनी येते, पडद्याआड जाऊन ते ब्लाउज घालून बघते आणि परत अडकवते. दर वेळी मला तिला एक गोष्ट सांगायची असायची आणि दर वेळी दुसरी बाई खुर्चीत येऊन बसायची. मागच्या रविवारी कुणी नव्हतं. मी म्हणाले, “रोशनी, तुला जा म्हणणारी मी होते.”

“माहीत आहे, ताई,” ती म्हणाली. एवढंच. मग पडद्याआडून ते ब्लाउज घालून आली आणि आरशासमोर उभी राहून तिनं सवयीनं पोट आत ओढलं.

“दम सोड,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश, मोठा श्वास सोडला. ब्लाउज किती सैल आहे ते मी नेहमीसारखी पाठीशी बोटं घालून बघितलं.

दर वेळी ती गेल्यावर नरडाण्याला करायचे तो फोन या वेळी तिच्यासमोरच लावला. अक्कांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “बसनं का?”

“नाही, अक्का. अजून दोन बोटं सैल आहे.”



“मांगे चार व्हती,” अक्का म्हणाल्या. “ऱ्हाऊ दे खुटीवर.”