चेहरा नसलेले धडे

मी मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन कोर्स बनवते. ऑफिस पुण्यात, मी सोलापुरात घरी बसून काम करते. ज्यांची शाळा चौथी-पाचवीत सुटली त्यांना वाचायचा त्रास नको, म्हणून आमच्या कोर्समध्ये सगळं ऐकायचं असतं. गोड आवाजाची एक बाई बोलते, पडद्यावर चित्रं सरकतात. प्रश्नही तीच विचारते. तिचा चेहरा दाखवत नाहीत, फाईल जड होते म्हणून. या पद्धतीचं ऑफिसात फार कौतुक आहे.

माझे वडील, आबा, ज्या टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे तो बंद पडला. शहराबाहेरच्या एका गोदामात माल बांधायला माणसं हवी होती, पण आधी कोर्स पास व्हायची अट. कोर्स नेमका मी बनवलेला. मला वाटलं, आबांची नोकरी आता घरचीच गोष्ट.

आबा मोबाईल घेऊन बसले. एकच धडा पुन्हा पुन्हा लावत होते. शेवटी वैतागून म्हणाले, "त्या बाईचं तोंड दाव की. न्हायतर ती काय बोलतीया ते कसं कळायचं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मागांच्या खडखडाटात आबांचे कान कधीच गेले होते. मागावरची माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, आणि आमच्या घरातही तीच रीत. लग्नात समोरच्या पंगतीत बसलेल्या आबांशी मी आवाज न काढता बोलायचे आणि आम्ही दोघं मिळून यजमानांच्या जिलेबीला नावं ठेवायचो. त्यामुळे त्यांचं काही अडलेलं आम्हाला कधी दिसलंच नाही. त्यांना तर ते मान्यही नव्हतं. "लोकंच हळू बोलाय लागल्यात," म्हणायचे.

कोर्समध्ये चेहरा टाका, म्हणून मी ऑफिसात भांडले. साहेब म्हणाले, एका माणसासाठी कोर्स बदलत नसतात. एका? या गावात माग चालवून म्हातारी झालेली माणसं त्यांनी पाहिलीच नव्हती. माझं डोकं फिरलं. मोबाईल बाजूला ठेवला, आबांसमोर बसले आणि सगळे धडे स्वतःच्या तोंडानं म्हटले. परीक्षेत प्रश्न मी सांगितले, उत्तरं त्यांनीच दाबली. पास झाले. कामावर बंद बूट सक्तीचे, हा धडा त्यांनी इतका मनावर घेतला की नवी पेठेतून काळे बूट आणून खोक्यासकट कपाटावर ठेवले.

मग गोदामातून एका मॅडमचा फोन आला. निवड पक्की करण्याआधी थोडी विचारपूस. स्पीकर चालू होता. मी हात पुढे केला तर आबांनी पाठ फिरवली. नोकरी त्यांची होती.

"काका, पूर्ण नाव सांगा."

"व्हय."

"राहता कुठं?"

"व्हय, व्हय."

"थट्टा करताय का?"

"व्हय," आबा खुशीत म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला.

मी परत फोन लावला, सगळं समजावून सांगितलं. जागा भरली, असं उत्तर मिळालं.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. नंतर कळवतो म्हणाल्या, असं मी ओठांनीच सांगितलं. त्यांनी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. जन्मभर ओठ वाचलेल्या माणसापुढे खोटं टिकत नाही. मला रडू आवरेना.

"बूट परत घेत्यात का इचार की," आबा म्हणाले. "आजून घातलं न्हाईत."