फक्त चेष्टा केली

माझ्या धाकट्या भावाला चोर ठरवणारं वाक्य मी लिहिलं. पोलिसांनी नाही, त्याच्या साहेबांनीही नाही. मी, घरातल्या शहाणीनं.

आम्ही झाशीचे, आणि तो तिथल्याच एका सरकारी दफ्तरात कारकून होता. तिथे नवा कॅमेरा आला होता आणि हेडक्लार्क, म्हणजे बडे बाबू, दिवसातून दहादा कपाट उघडून तो जागेवर आहे ना ते बघायचे. आमचं ध्यान पहिल्यापासून वात्रट. जेवणाच्या सुट्टीत त्यानं कॅमेरा उचलून आपल्या डब्याच्या पिशवीत घातला. जरा शोधाशोध होऊ द्यायची नि हसत परत द्यायचा, एवढाच बेत. पण बाबूंनी बोंब ठोकली, साहेबांनी फाटक लावून झडत्या सुरू केल्या आणि याची बोबडीच वळली. कॅमेरा पिशवीतून निघाला.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला, हिंदीतून. "ताई, तू लिही, तुझी भाषा चांगली," म्हणाला. त्यानं सांगितलेला शब्द होता 'मजाक'. मला तो थिल्लर वाटला. साहेबांपुढे काय मजाक! आम्ही घरात मराठी बोलायचो, बाहेर हिंदी. संस्कृत वळणाचा शब्द दोन्हीकडे सारखाच असणार, असं मी बेधडक धरून चालले. लिहिलं, 'मैंने चोरी नहीं की, केवल चेष्टा की थी।' त्यानं न वाचता सही केली.

तो कागद साहेबांनी पोलिसांत दिला.

आमच्या वकिलांनी त्याची नक्कल वाचली आणि चष्मा काढला. "बहनजी, ये क्या लिख दिया?" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. चोरी केली नाही, फक्त करायचा प्रयत्न केला, असं माझ्या भावानं स्वतःच्या सहीनं कबूल केलं होतं! आई विचारत होती, "काय झालं गं?" आणि मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

वकिलांनी सगळं समजावून सांगितलं. नोकरानं मालकाची वस्तू चोरली तर शिक्षा साध्या चोरीपेक्षा जास्त, सात वर्षांपर्यंत. पण हा पहिलाच गुन्हा. कबूल केला तर कोर्ट बहुधा चांगल्या वागणुकीचं हमीपत्र लिहून घेऊन सोडेल. नोकरी मात्र टिकेल असं त्यांना वाटत नव्हतं. आणि लढलो तर वर्षानुवर्षं तारखा, वर हा कागद समोर येणारच.

"कबूल कर रे बाबा, सुटशील तरी," आई म्हणाली.

"चोर म्हणून सुटेल!" मी तिच्यावर खेकसले. चूक माझी आणि आवाजही माझाच मोठा.

कोर्टात आरोप वाचून दाखवला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "जुर्म कबूल है?" वकील खाकरले. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. भावानं वळून एकदा आईकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"जी नहीं," तो म्हणाला. "मैं चोर नहीं हूँ।"

मग तीन वर्षं तो निलंबित होऊन घरी बसला. गल्लीत लोक नमस्कार करायचे, पण त्याच्यासमोर खिशावर हात जायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा जीव जळायचा.

शेवटी माझी साक्ष झाली. सरकारी वकील म्हणाले, "झाँसी में पैदा हुईं, और चेष्टा का अर्थ नहीं जानतीं?" मागे खसखस पिकली. जन्मात कधी कुणापुढे चुकलं न म्हणणारी मी, पिंजऱ्यात उभी राहून म्हणाले, "नहीं जानती थी। गलती मेरी है।" आमच्या वकिलांनी मराठी शब्दकोश पुढे केला. चेष्टा म्हणजे थट्टा.

तो निर्दोष सुटला. आई तशीच लक्ष्मी तलावाकाठच्या देवळात महालक्ष्मीची ओटी भरायला धावली. नोकरी परत मिळणार होती. मी आनंदानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो बाकावर बसून निकालाचा कागद वाचत होता.

"ताई, इथे 'संदेह का लाभ' देऊन सोडलं असं लिहिलंय. म्हणजे संशय आहेच ना?"

"वेडा की काय! तशी लिहायची पद्धत असते," म्हणत मी कागद ओढून घेतला. दोनदा वाचला. त्यानं बरोबरच वाचलं होतं.