काड्या खोचलेला कूलर

माझा राग अजून उतरला नाही, म्हणून लिहिते.

माझ्या सुनेचा डावा पंजा मळणीयंत्रात गेला. बाभुळगावला विजेवर चालणाऱ्या नकली हातांचं शिबिर लागलं, तर मी तिला घेऊन गेले. तिथं हात लगेच देत नाहीत बरं का. आधी कोपराखाली टिकल्यांसारखे चिकटपट्टे लावतात, त्यांच्या वायरी मशीनला. स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ उठली पाहिजे, सैल सोडला की निजली पाहिजे. तेवढ्यावरच ठरतं, हात मिळेल की नाही.

सुनेची रेघ निजेचना. नुसती थरथर.

"बाई, हात ढिला सोडा," तपासणारे साहेब म्हणाले.

"सोडलाच हाये जी."

"खोटं कायले बोलता? पडद्यावर दिसून राह्यलं ना." आणि लिहून मोकळे: स्नायू कामाचे नाहीत.

पोरगी मान खाली घालून बसली. त्याच थोट्या हातानं परात दाबून ती रोज कणीक मळते, आणि म्हणे स्नायू कामाचे नाहीत!

माझं डोकंच फिरलं. मी आयुष्यभर पिठाची चक्की चालवली. मोटर सुरू झाली की घरातला रेडिओ गुरगुरायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. इथं कोण गुरगुरतंय? पाहते तर काय, ऊन म्हणून तपासणीची खुर्ची मुद्दाम कूलरला खेटून ठेवलेली. कूलरला पिनच नाही. दोन उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी बोर्डात खोचलेल्या, आणि मशीनही त्याच बोर्डावर!

मी कूलरचं बटण बंद केलं.

"ओ आजी! गरमी होईन ना!"

"होऊ द्या. घामानं कोनी मरत नाही."

रेघ निजली. सारवल्या अंगणासारखी सपाट. मी सुनेला म्हटलं, "आता आवळ वं, नसलेली मूठ." तिनं डोळे मिटले. रेघ टुणकन उठली.

साहेबांनी कागद फाडला, नवा भरला. माफीचा शब्द? नाव नको.

"चला आत्याबाई," सून हळूच म्हणाली, "आपलं झालं."

"आपलं झालं. अन् सकायपासून या खुर्चीतून वापस गेले, त्याईचं?" आमच्या आधी महागावचा एक माणूस डोळे पुसत गेला होता. मी पाहिला होता ना.

साहेब म्हणाले, "आता त्याईले कुठं शोधू?"

"कागदावर फोन नंबर हायेत ना? लावा."

मी खुर्ची ओढली आणि दारातच बसले. त्यांनी पहिला नंबर फिरवला, तेव्हा कुठं पदरानं घाम पुसला.