वीराच्या गालावरचा घाव

मागच्या रविवारी आमचा पूर्वज वितळता वितळता वाचला.

माझं लग्न ठरलंय. आईचं म्हणणं, लग्नाआधी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक नवे करून घ्यायचे... घासून घासून देवांची नाकं गेलीत. म्हणून वाशिमहून निघताना तिने ते फडक्यात बांधून माझ्या बॅगेत टाकले. पुण्यात सगळं मिळतं यावर तिचा फार विश्वास.

त्यात एक वीराचा टाक. वीर म्हणजे लढाईत पडलेला आमचा कोणीतरी पूर्वज. गोल तुकडा, त्यावर एका माणसाचा चेहरा आणि गालावर आडवा घाव... तलवारीचा! लहानपणी मी शाळेतून पळून आलो की आई तो घाव दाखवायची. "हा पयाला काय रे कधी?" मी सातवीत शाळा सोडली, पुण्यात चार वर्षांत सहा कामं सोडली. दर वेळी तो गाल आठवतो.

रविवार पेठेतल्या कारागिराने टाक आटवायच्या आधी धुतले. वीराच्या कडेला वर्षानुवर्षांचं कुंकू दगडासारखं बसलेलं, ते निघालं... आणि खाली अक्षरं! "अहो, तुमच्या देवाला इंग्रजी येतंय," म्हणाला. याला हात लावणार नाही म्हणाला, आणि बुधवार पेठेतल्या एका जुन्या नाण्यांच्या जाणकार काकांकडे पाठवलं.

काकांनी बसा म्हटलं नाही. भिंग लावून पहिला प्रश्न, "हे कशाने घासता?"

"चिंच आणि राख."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "छान. दोन हजार वर्षांत जमिनीला जमलं नाही, ते तुम्ही दर दिवाळीला करताय."

मग वजन केलं, कड तपासली. ओतलेलं नाही, ठोकून पाडलेलं आहे म्हणाले. टाक नाहीच हा, नाणं आहे. चेहरा रोमच्या बादशहाचा, आणि अक्षरं इंग्रजी नव्हेत, लॅटिन.

"आणि घाव?"

"छिन्नीचा. रोमचं नाणं इकडे आलं की आत तांबं तर नाही ना, म्हणून आपले लोक छिन्नी मारून बघायचे."

"बादशहाच्या तोंडावर?"

"बादशहा होता त्याच्या घरी."

लढाई नाही, तलवार नाही, पूर्वज नाही... आईला काय सांगू? काही सुचेना म्हणून मीही भिंगातून बघत बसलो.

मी हडपसरला दुकानांच्या पाट्यांवर रेडियमची अक्षरं चिकटवतो. इंग्रजी वाचता धड येत नाही, पण अक्षर उलटं बसलं की डोळ्यात खुपतं. एकदा ओरडा खाल्लाय ना! "काका, हा एस उलटा लागलाय. आणि या आरचा पाय राहिलाय."

काकांनी भिंग काढून घेतलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बसा."

म्हणजे हे रोममध्ये घडलेलंच नव्हतं. त्याच काळात इथल्या कुणा कारागिराने रोमचं नाणं समोर ठेवून, लिपी येत नसताना, नुसते आकार बघून केलेली नक्कल. घावाच्या तळाशी चिंच पोचली नव्हती, तिथला काळेपणा जुना होता... त्यावरून नक्कल हल्लीची नाही, अशी काकांची खात्री पटली.

"म्हणजे डुप्लिकेट?" माझं तोंडच पडलं.

"दोन हजार वर्षं जुनं डुप्लिकेट. अस्सल त्यामानाने पुष्कळ सापडतात. आटवू नका. आणि चिंच तर दाखवूही नका."

बाहेर येऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं... राजा परका, घाव छिन्नीचा. तिने एकच विचारलं.

"पन घडवला कोनं?"

"इथल्याच माणसानं. वाचता येत नव्हतं त्याला, बघून बघून अक्षरं काढली. एक उलटं पडलं."

"मंग तोच आपला वीर. तुह्यासारखाच हाये," आई म्हणाली. "घेऊन ये त्याले. लग्नात मान हाये त्याचा."

सोमवारी एका दवाखान्याची पाटी होती. एस हातात धरून दोनदा फिरवला, मग सरळ लावला. दोन हजार वर्षांपूर्वी तो उलटा काढणाऱ्या त्या दादाला मनातल्या मनात नमस्कार केला...

हे माझं सातवं काम. एवढ्यात पळणार नाही म्हणतो.