बडीचा पेला

पोलिसांशी कसं बोलावं हे मी समुपदेशकांना शिकवते. पहिला धडा साधा आहे: माणूस समोर बसला की आधी त्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवा, अक्कल नंतर पाजळा. गडचिरोलीतल्या त्या वर्गातही मी हेच सांगितलं आणि सगळ्यांनी ते मुकाट्यानं लिहून घेतलं.

सरावासाठी आम्हाला एक जवान मिळाला होता. चाळिशीचा, नागभीडकडचा, भलताच बोलका. चहा होईपर्यंत दोन्ही मुलींचे फोटो दाखवून झाले, जंगलात खिचडी कशी शिजवायची तेही सांगून झालं. मी म्हटलं, भाऊ, स्वतःचं खरं काही सांगू नका, दुसरा कुणीतरी पेशंट व्हा.

"दुसरा कोणीबी चालते का?" त्यानं विचारलं.

मी चालतं म्हटलं.

समोर नागपूरची एक शिकाऊ मुलगी बसली. तिनं शिकवल्याप्रमाणे पेला ठेवला आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. आई आणि बायको, कुरखेड्याला, तो म्हणाला. लेकरू नाही. मला वाटलं, सोंग बरं वठवतोय. मग तो त्याच्या बडीबद्दल बोलायला लागला. गस्तीवर जवान जोडीनं चालतात, त्या जोडीदाराला ते बडी म्हणतात. बडी नागभीडचा, त्याला दोन मुली, बोलून बोलून नुसतं डोकं खातो.

मला एकदम उमगलं. तो बडी म्हणजे हा स्वतःच होता, आणि बोलत होता त्याचा जोडीदार.

त्या दिवशी गस्तीवर, तो सांगू लागला, पुढं चालायची पाळी बडीची होती. तो नाल्यावर पाणी प्यायला थांबला, म्हणून कुरखेड्याचा जोडीदार पुढं झाला.

"मंग जमीन फुटली," तो शांतपणे म्हणाला. "मी गेलो."

मी घाबरले. सराव थांबवणं माझं काम होतं. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जंगलातल्या ठाण्यावर जाणार होता. आज त्याला मध्येच गप्प केलं असतं, तर तिथं त्याला कोण विचारणार होतं? मी तशीच बसून राहिले. मुलीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, बडीला काही सांगायचंय का?

त्यानं पेला बोटानं थोडा पुढं सरकवला.

"सांगाचं काई नाई. त्याले फक्त इचारा, पाणी गोड होतं का."

मी उठून त्याच्याजवळ गेले. सराव संपला, भाऊ, आता तुम्ही तुमचे, असं म्हणून पेला त्याच्या हातात दिला. त्यानं तो ओठांपर्यंत नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि भरलेलाच खाली ठेवला.

"मले नाई जात, मॅडम."

दोघांपैकी कोण बोललं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.