त्रेसष्ट करारनामे

रेजिना मला कधीच आवडली नाही. १९८८ साली माणिकपूरला दयारामशेठ बिल्डरच्या ऑफिसात आम्ही दोघी टायपिस्ट होतो. कॉम्प्युटर आला आणि शेठनं शिकायला अंधेरीला पाठवलं ते तिला. परत आल्यावर मी म्हटलं, मलाही दाखव. तर बया म्हणते, "मथुराबाई, तुम्हाला नाही जमायचं." फ्लॅटचा करारनामा बावीस पानी, इंग्रजीत. आम्ही एकेक दिवसभर बडवायचो. ती जेवायच्या सुट्टीआधी चार काढू लागली. मजकूर तोच, फक्त नाव आणि फ्लॅट नंबर बदलायचा. मग शेठला दुसरी टायपिस्ट कशाला हवी? मला घरी बसवलं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तिचंही शेठशी वाकडंच होतं. तिच्या बापानं, ॲन्सेल्मनं, अर्धी वाडी शेठला विकली ती बावखल बुजवायचं नाही या बोलीवर. उरलेल्या केळी त्या तळ्याच्याच पाण्यावर होत्या. करारनाम्यात मात्र शेठनं त्या जागेला 'मोकळा प्लॉट' म्हटलं. तिनं विचारलं तर म्हणाला, "तुझ्या बापाला कुठं लिहून दिलंय?"

पहिला करारनामा शेठनं ओळन् ओळ वाचला. बाकीचे त्रेसष्ट त्याच्याच नकला, म्हणून न वाचता सह्या ठोकल्या. रेजिनानं पहिला छापून झाल्यावर कॉम्प्युटरला एकच हुकूम दिला होता, अर्थात इंग्रजीत: जिथं जिथं 'मोकळा प्लॉट', तिथं तिथं 'कधीही न बुजवायचं बावखल'. सगळे वसईला रजिस्टर झाले.

भरावाचे ट्रक आले तेव्हा फ्लॅटवाले आडवे आले. ॲन्सेल्मच्या केळींशी त्यांना काय देणंघेणं? त्यांच्या नळाला पाणी नव्हतं, सगळं बावखलावरच भागायचं. हातात करारनामे घेऊन कोर्टात खेचू म्हणाले. ट्रक माघारी गेले.

नेमकी त्याच दुपारी मी अनुभवाचा दाखला मागायला ऑफिसात गेले होते. शेठ रेजिनावर ओरडत होता.

"माझा पगार खाऊन माझाच गळा कापलास!"

"आता लिहून दिलंयत ना, शेठ?" रेजिना शांतपणे म्हणाली. "तुमचीच सही आहे. त्रेसष्ट वेळा."

शेठनं तिला तिथल्या तिथं काढलं. मला, खरं सांगते, गार वाटलं. मग तो माझ्याकडे वळला.

"उद्यापासून तू ये. बस त्या खुर्चीवर."

मी लगेच बसले. समोर पडद्यावर हिरवी अक्षरं होती. कुठं हात लावावा ते कळेना.

"येतं ना तुला?" शेठनं विचारलं.

रेजिना दारात थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती.