खांदेमळणीच्या दिवशी परतूरहून

आमच्या घराण्यात लिहिणारा मीच पहिला, आणि प्रवास म्हणावा तर औरंगाबाद ते मंठा एवढाच. काशी-रामेश्वर करून आलेल्यांनी लिहावं, मी काय लिहिणार? पण वसतिगृहातल्या मित्रांनी हस्तलिखित अंकासाठी फार आग्रह केला. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

श्रावण संपत आला होता. मंठ्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने वसतिगृहात येऊन निरोप सांगितला: आक्का बाळंत झाली, पण तिचा ताप उतरत नाही, लगेच निघ. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मिळाली ती आगगाडी धरली. डब्यात जागा होती तरी बसवेना. आमचे एक गुरुजी सांगत, ज्याने ज्याने काही दिलं त्याचे रोज मनात आभार मानावेत, जीव शांत राहतो. मी दाराशी उभा राहून पावसाचे मानले, हिरव्या शिवाराचे मानले, इंजिनाचेसुद्धा मानले. प्रत्येक आभारामागे ‘तेवढी आक्का वाचू दे’ हे येतच होतं. जालना मागे पडलं तरी जीव काही थाऱ्यावर आला नाही.

परतूरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टेशनबाहेर एकही बैलगाडी नव्हती. चिखल तुडवत गावाच्या टोकाला आलो. तिथे एका अंगणात गाडी सोडलेली आणि शेजारी बैलजोडी दिसली. एक दाढीवाले चाचा बैलाचं अंग पुसत होते; मदारचाचा त्यांचं नाव, हे मागून कळलं.

“चाचा, मंठ्याला सोडता का? औरंगाबादच्या कॉलेजातून आलोय, जल्दीचं काम आहे.”

“आज? आज खांदेमळण हाये ना, सायबा! कालेजात शिकून राह्यलास, अन् उद्या पोळा हाये ते ठाव न्हाई?”

मी आक्काचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण मान नकारार्थीच हलली. “सालभर त्यायचा खांदा आपला. आजची सांज न् उद्याचा दिवस त्यायचा. गावात कुनीबी जुपणार न्हाई. पायी जाशील, तर वढा भरून चाल्लाय. पहाटं पानी उतरंल, मंग जा.”

“माणूस मोठं की बैल?” माझा आवाज चढला.

“मोठं कोन ते मंग ठरवू,” चुलीपासून चाची म्हणाल्या. “आधी ताक पी.”

ताक प्यालो, पण पाय ठरेनात. दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन आलो. पाणी खरोखरच काठ सोडून वाहत होतं. दुसऱ्यांदा परतलो तेव्हा चाचांनी माझ्या हातात लोणी-हळदीची वाटी दिली. “येरझारा घालून काय व्हतंय? हा खांदा मळ.”

खांदेमळण म्हणजे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचा खांदा शेकून, लोणी-हळद लावून चोळणं. जुवाखालची कातडी दगडासारखी घट्ट झाली होती. मी जोर लावला तशी बैलाने मान झटकली आणि माझी टोपी शेणात पडली. चाची पदर तोंडाला लावून हसल्या.

शेवटी बैलाला आवतन (जेवणाचं आमंत्रण) द्यायचं असतं. चाचा म्हणाले, “आता तूच दे.”

मी हात जोडले. “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आणि माझ्या आक्काला बरं करा.”

चाचांचा हात थांबला. “आवतन देतानी काम सांगत न्हाईत, बाळा.”

“जेवाया बोलावून काम सांगितलं, तर पाव्हना उठून जाईल की,” चाची म्हणाल्या. मग हळूच, “बस, भाकर खा.”

गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढे आली. दोनच घास उतरले.

उजाडताना ओढा गुडघ्यापर्यंत आला होता. पलीकडच्या काठाला वहाणेचा अंगठा तुटला, ती हातात घेऊन चालत राहिलो. दिवस वर आला. गावोगावी बैल धुवून निघत होते, शिंगं रंगत होती. चाचींचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. काही न मागता आभार मानता येतील का, म्हणून आक्काच आठवून पाहिली. मी शाळेत जावं म्हणून माझ्या वाट्याची गुरं तिने राखली. संध्याकाळी, “आज काय शिकवलं, सांग की रे,” म्हणून माझ्यामागे लागायची, आणि मी सांगायचो ते पाठ करायची. हे आठवताना थोडा वेळ श्वास सरळ चालला. धास्ती गेली नाही, पण माझ्या बरोबरीने चालू लागली. गुरुजी म्हणत ती शांती हीच का, मला ठाऊक नाही.

मंठा कोसभर राहिला असेल. समोरून माझे वडील, आबा, पायीच येताना दिसले. मला शोधायलाच निघाले होते.

“आधी बस,” ते म्हणाले.

मी उभाच राहिलो.

“लेकरू न्हाई राह्यलं.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी पटक्याच्या सोग्याने डोळे पुसले.

“आक्का हाये. ताप उतरला. पहाटं उठून बसली, अन् भाकर मागितली.”